लाईट आली की सगळ्या डब्या एकदम

३ फेब्रु., मंगळ.
झाल्या बसवून! जळकोटच्या मळ्यात पाण्याच्या सहा व्हॉल्व्हला मी केलेल्या सहा चिपवाल्या डब्या, सातवी विहिरीवर मोटरीला. लाईट आली की प्रत्येक डबीनं मोटरीच्या डबीला बिनतारी कळवायचं, 'मी तयार'. सहाही निरोप पोचले की मोटर चालू. घरी टेबलावर झकास चाललं.
अण्णा म्हणाले, "रविवारपर्यंत चाललं तर ऱ्हा इथंच, हेच काम कर. न्हायतर पुण्याची नोकरी धर, पोरी."
मला इथंच ऱ्हायचंय. लई.

५, गुरु.
दहाला लाईट आली. मोटर ढिम्म. अण्णा धोतर सावरत पळाले, हातानं चालू केली. चुलते शिवाकाका, त्यांचा कांदा पार टोकाला, बांधावरनं ओरडले, "काय गं, तुझ्या डब्या मुक्या हैत व्हय?"
असला राग आला! जेवायचं न्हाय ठरवलं. पण आईनं शेंगाची चटणी केलेली.

६, शुक्र.
मुक्या कुठल्या! सहाही एकदम बोंबलतात, मोटरीला एकीचंही कळत न्हाय. घरी मी एकेक पिन हातानं लावायची, म्हणून दिसलंच न्हाय. मळ्यात लाईट सगळ्यांना एकदम येते.
पण मी रँडम फंक्शन घातलंय की! प्रत्येकीनं मनाला येईल तेवढं थांबून बोलायचं. मग?

७, शनि.
अगं बाई! रँडमला सुरुवातीचा आकडा द्यायचा असतो. दिलाच न्हाय. म्हणजे सगळ्यांची सुरुवात एकाच आकड्यापासनं, सहाही जणी तेवढंच थांबणार अन् परत एकदम ओरडणार. आयतं मिळालं म्हणून डोळे झाकून वापरलं.
प्रत्येक चिपमध्ये तिचा स्वतःचा नंबर असतो. तो वाचायचं फंक्शनही आयतंच. तोच दिला सुरुवातीला. दोन ओळी! दिवसभर डब्या काढल्या, नवा प्रोग्राम भरला, परत लावल्या. काका पाना घेऊन मागं मागं, तोंड चालूच. "आता पाळीनं बोलत्याल ना?"
"बोलत्याल, काका."

८, रवि.
सव्वादहा. चहा चाललेला. लाईट आली. अण्णा उठायला लागले, तेवढ्यात विहिरीकडनं मोटरीचा आवाज. परत बसले. लाईट आल्यावर बसलेले अण्णा मी जन्मात बघितले न्हाईत. बशीतला चहा सगळा पिले.
दुपारी वाशीच्या मामांना फोनवर सांगत होते, "पोरगी कुठली जातीय पुण्याला! तिला इथंच लई कामं हैत."
मला अजून एका शब्दानं बोलले न्हाईत. मीही पुण्याला काही कळवलं न्हाय. आधी अण्णांनी मला तर सांगावं की!