कंदीलवाल्या पिक्चरचा सेकंड हाफ

१ जानेवारी २००६, रविवार. सकाळी ९.
कृषी केंद्राच्या मारोतरावांनी डायरी फुकट दिली. कव्हरवर कपाशीचं बोंड, प्रत्येक पानाच्या खाली फवारणीची एक सूचना. कापसाला भाव नाही म्हणून डायऱ्या वाटत सुटले असावेत. असो. संकल्प: रोज लिहिणे. शुद्ध मराठीत लिहिणे. तंबाखू-सुपारीचा खर्रा बंद. आणि एक तरी पिक्चर शेवटपर्यंत पाहणे.

शेवटच्या संकल्पाचा खुलासा फक्त इथेच करतो. बायकोला, रुपीबाईला, वाचता येत नाही, त्यामुळे कुलपाची गरज नाही.

मी, धरमसिंग, अठरा वर्षांपासून आमच्या बंजारा तांड्याला पिक्चर सांगतो. पांढरकवड्याला जायचं, तीनचा शो पाहायचा, संध्याकाळी नायकाच्या, म्हणजे तांड्याच्या प्रमुखाच्या, ओट्यावर बसून सगळ्यांना सांगायचा. तिकीट एकाचं, पब्लिक अख्खा तांडा. अडचण एवढीच की आमच्याकडची शेवटची एसटी सव्वापाचला सुटते आणि शो सुटतो सहाला. इंटरव्हलला चहा ओतला न ओतला की स्टँडवर पळावं लागतं. आजपर्यंत एकाही पिक्चरचा सेकंड हाफ मी पाहिलेला नाही. सगळे शेवट माझे स्वतःचे आहेत. याला लबाडी म्हणत नाहीत, डायरेक्शन म्हणतात.

४ जानेवारी
दोन दिवस लिहिणं जमलं नाही. खर्रा: एक. पाहुण्यानं पुढे केला, नाही कसं म्हणणार.

काल ओट्यावर पब्लिक बावीस. अर्धा तांडा मिरची तोडायला आंध्रात गेला आहे. उरलेल्यांच्या घरात कापूस पडून, त्यावर पोरं झोपतात. अशा मूडमध्ये कलेला उठाव नसतो. तरी धनी याडीच्या (याडी म्हणजे आमच्यात आई) फर्माइशीवर कंदीलवालं पिक्चर सांगितलं. (तांड्यात पिक्चरचं नाव कोणाच्या लक्षात राहत नाही, त्यातली एखादी वस्तू राहते.) गोष्ट अशी: म्हातारी आई. मुलगा लग्न करून बायकोला आईपाशी ठेवतो, शहरात जातो, पुढे पत्ताच नाही. आई रोज संध्याकाळी दारात कंदील लावते. इथं इंटरव्हल. यापुढचं माझं: दहा वर्षांनी मुलगा रस्ता चुकतो, लांबून कंदील दिसतो, पाय आपोआप वळतात. मायलेकाची गळाभेट. पिक्चरमध्ये सून पण आहे, पण तिला विशेष काम नाही. पाणी देते.

धनी याडीचा बादल सहा वर्षांपूर्वी कामाला म्हणून गेला, तो गेलाच. तेव्हापासून तिच्याही दारात कंदील असतो. माझी गोष्ट संपली की तिची सून अंजू उठते आणि घरी जाऊन कंदिलात तेल घालते. कलाकाराला याहून मोठी पावती कोणती?

१० जानेवारी
एका चॅनलची गाडी आली. हातात माइक धरलेली एक मॅडम, एक कॅमेरावाला. त्यांना विचारायचं होतं की या भागातल्या किती शेतकऱ्यांनी जीव दिला. मी म्हटलं, आकडा कायले पाहिजे, गोष्ट सांगतो. आजोबांच्या बैलांपासून सुरुवात बांधली, मीठ लादून कुठून कुठं जायचे ते. इंटरव्हलपर्यंत पोचतो न पोचतो तोच कॅमेरावाला गाडीत जाऊन बसला. पाठोपाठ मॅडम. अर्ध्यातून उठून जाणाऱ्या माणसाला गोष्टीची कदर नसते. असल्या लोकांपासून दूर राहणे.

१७ जानेवारी
फुलसिंग नायकानं परस्पर ठरवलं की २६ जानेवारीला तांड्यात भाड्याचा टीव्ही आणि सीडी आणायची. लोकांचं मन रमलं पाहिजे म्हणे. म्हणजे आतापर्यंत मी काय करत होतो? वाईट वाटलं नाही. काचेच्या डब्याला माणसाची सर येत नाही. लोक दहा मिनिटांत कंटाळतील. शिवाय दिवसातून बारा तास लाइट नसते.

२६ जानेवारी
लाइट होती.

पांढरकवड्याच्या रहमत मेकॅनिकचा मुलगा अफरोज मोटरसायकलच्या मागे टीव्ही बांधून आला. विहीरवालं पिक्चर लावलं. हे मी तांड्याला निदान दहा वेळा सांगितलं आहे. दोघं सख्खे भाऊ शेवटी विहिरीच्या काठावर एकमेकांना मिठी मारतात आणि वावराचा धुरा, म्हणजे मधला बांध, मोडून टाकतात. हे ऐकून आमच्या तांड्यातल्या फकिरा आणि त्याच्या भावानं खरोखर वावर एकत्र केलं होतं. टीव्हीत मोठ्या भावानं लहान्याला विहिरीत ढकललं.

तांडा आधी टीव्हीकडे पाहत राहिला, मग माझ्याकडे. मी शांतपणे समजावलं की प्रत्येक पिक्चरच्या दोन कॉप्या निघतात, एक मुंबईसाठी आणि एक विदर्भासाठी. विदर्भाला जी मिळते ती चांगली असते. नायक म्हणे, विदर्भाले चांगलं कधी भेटलं? सगळे हसले. माझ्यावर नाही, विदर्भावर.

३० जानेवारी
खर्रा: चार. ओट्यावर पब्लिक तीन. धनी याडी, अंजू आणि ऐकू न येणारे एक आजोबा. फकिरानं भावाशी बोलणं बंद केलं आहे. त्याचा दोष सीडीला जातो.

२ फेब्रुवारी. दुपारी ३.
वाईट बातमी. होळीला अफरोज कंदीलवालं पिक्चर आणणार आहे. खुद्द धनी याडीनंच सांगितलं. डोळ्यानं पाहायचं आहे म्हणे, पोरगा दारात कसा येतो ते.

आता शुद्ध-बिद्ध बाजूले.

तीन सालाआधी, चैतात, मी आदिलाबादले सोयऱ्याच्या लग्नाले गेलतो. स्टँडवर केळीची गाडी, अन् गाडीवर बादल. मी वळखलं. त्यानं बी वळखलं, पाया पडला, चहा पाजला. गाडीखाली गोणपाटावर एक लहान पोरगी झोपून होती अन् बाजूले तेलगू बोलणारी एक बाई सुटे पैसे मोजत होती. बादल म्हणे, धरमकाका, मी काही आता येत नाही. अंजूले सांगा, वाट नको पाहू, तिनं तिचं पाहावं. याडीले बी सांगा. मी हाव म्हणलं. त्यानं डझनभर केळी देल्ली.

एसटीत पूर्ण रस्ता इचार केला का हे सांगावं कसं. केळीची गाडी, एक कप चहा, संपलं. याच्यात क्लायमॅक्स कुठं आहे? अन् इकडं कंदीलवालं पिक्चर जोरात चालू होतं. म्हातारी सगळ्याईत पुढं बसे, सांगून झालं का माझ्या तोंडावरून हात फिरवे. तांड्यात उतरलो त धनी याडी म्हणे, सांग. मी कंदीलवालं सांगतलं.

केळी घरच्याईनं खाल्ले.

दोघी खुशच होत्या. मी त्याईचं वाईट केलं असं कोणी म्हणू शकत नाही. अन् कोणाले माहीत बी नाही.

१२ फेब्रुवारी
योजना तयार. पांढरकवड्याला अफरोजच्या दुकानात गेलो. एका पिक्चरच्या दोन सीड्या असतात: पहिलीत इंटरव्हलपर्यंत, दुसरीत पुढचं. देवानं ही सोय माझ्यासाठीच केली असावी. अफरोज चहा सांगायला बाहेर गेला, तेवढ्यात कव्हरमधली दोन नंबरची सीडी शर्टाच्या आत टाकली. चोरी नाही, होळीनंतर परत करणार. आता पेटीत आहे, डायरीच्या खाली, रुपीबाईच्या सणाच्या कपड्यांमध्ये. तिथं कोणी पाहत नाही.

होळीचा सीन मला आत्ताच दिसतो. पहिली सीडी संपते. दुसरी सापडत नाही. पब्लिकचा आरडाओरडा. मी उठतो, हात वर करतो, आणि बाकीचं सांगतो. तांड्याला कळेल की मशीन अर्धवट असते, माणूस पूर्ण असतो.

१९ फेब्रुवारी
अंजू हापशीवर भेटली. तिच्या भावानं झरी जामणीकडचं एक स्थळ पाहिलं आहे. बायको वारलेला माणूस, फॉरेस्टात कामाला, शांत आहे म्हणे. आपल्यात दुसऱ्यांदा घर करायला बंदी नाही, पण पहिल्यातून मोकळं तरी व्हायला पाहिजे, आणि सासू म्हणते की बादल येणार, पिक्चरमध्ये सुद्धा मुलगा येतो. अंजू सत्ताविसाची झाली. तिनं सरळ विचारलं, काका, तुमी चार गावं फिरता, कधी काही कानावर आलं का? मी म्हटलं, पोरी, सेकंड हाफला वेळ लागतो. तिनं हापशी थांबवली. पाण्याचा गुंड डोक्यावर घेऊन निघून गेली. उत्तर चांगलं जमलं होतं, पण ऐकणारा तयारीचा पाहिजे.

खर्रा: मोजणं बंद केलं. मोजल्यानं माणूस जास्त खातो.

१४ मार्च. होळी.
सगळं योजनेप्रमाणे झालं. पहिली सीडी बरोब्बर तिथंच संपली, आई कंदील लावते तिथं. अफरोजनं कव्हर उघडलं, रिकामं. पब्लिकचा आरडाओरडा. मी उठलो, हात वर केला, घसा साफ केला.

बायांमधून रुपीबाई उठली. कमरेची सीडी काढून तिनं अफरोजच्या हातात दिली. सणाचा फेटिया, म्हणजे घागरा, काढताना पेटीत सापडली म्हणे. माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. अठरा सालापासून आईकून राह्यली, एकदा शेवट पाहू द्या, असं बायांना म्हणाली.

आयुष्यात पहिल्यांदा सेकंड हाफ पाहिला. मुलगा येतच नाही. पिक्चर मुलाचं नव्हतंच, सुनेचं होतं. सगळं. एवढं पाणी देत होती ती याच्यासाठी. शेवटी ती कंदील विझवते, खुंटीला टांगते, सासूच्या पाया पडते आणि दिवसाउजेडी चालायला लागते. बस. गाणं पण नाही. डायरेक्शन कमजोर.

अंजू शेवटची वीस मिनिटं उभी होती. मागचे बस म्हणत होते तरी बसली नाही.

१५ मार्च
मला कोणी रंग लावला नाही. धनी याडीच्या दारात काल पहिल्यांदा कंदील नव्हता.

दुपारी अंजू घरी आली. मी बादलला कधी पाहिलं होतं का, असं तोंडावर विचारलं. मी नाही म्हटलं. आपोआप निघालं तोंडातून. ती बरं म्हणाली. मग रुपीबाईनं पेटीतली डायरी बाहेर काढली आणि हे काय पुस्तक आहे म्हणून विचारलं. मी सांगितलं, फवारणीचं. अंजूनं हातात घेऊन पानाच्या खालची सूचना घडाघडा वाचून दाखवली. सातवी पास आहे पोरगी. आपल्या तांड्यातल्या बाया वाचू लागल्या याचं मला कौतुक वाटलं, तसं मी बोलूनही दाखवलं.

१९ मार्च, रविवार. संध्याकाळ.
आज चौथा संकल्प (टीव्हीवरचा मी धरत नाही) पूर्ण करायला पांढरकवड्याला गेलो. एसटी गेली तर गेली, एवढं ठरवूनच खुर्चीत बसलो. पावणेपाचला इंटरव्हल झाला. लाइट लागले आणि पाय आपोआप वळले. सव्वापाचची गाडी भेटली. खिडकी पण भेटली.

तांड्याच्या फाट्यावर उतरून राह्यलो त खाली अंजू उभी. हातात गाठोडं, बाजूले भाऊ. गाडी इथूनच फिरून परत जाते. मी दारातच अडकलो. ती म्हणे, काका, उतरा, आमाले चढू द्या. मी उतरलो.

घरी रुपीबाई भाकरी करून राह्यलती. तिनं चुलीकडं पाहतच सांगतलं. दुपारी नायकाच्या ओट्यावर नसाब, म्हणजे तांड्याची पंचायत, बसली होती, पाची पंच. अंजू तिथं उभी राह्यली अन् माझ्या डायरीतलं २ फेब्रुवारीचं पान मोठ्यानं वाचलं. धनी याडीनं केळीच्या गाडीचं पुन्हा एकदा वाचाले लावलं. मंग म्हातारीच म्हणे का पोरीले मोकळी करा. पंचाईनं करून टाकली.

मी इचारलं, पब्लिक किती होतं? रुपीबाई म्हणे, अख्खा तांडा, मिरचीहून आलेले बी. मी इचारलं, मधातून कोणी उठलं का? म्हणे, कोणीच नाही उठलं.

अंजू काय म्हणे, हे बी इचारलं. तीन सालं, म्हणे. एवढंच.

डायरी पेटीवर होती. पान पट्टी लावून फाडल्यासारखं सरळ फाडलेलं. पंचाईजवळ आहे ते. दारात धनी याडीचा कंदील ठेवून आहे. तुमचा आहे, असं म्हातारी सांगून गेली म्हणे. काच पुसलेली.

जेवताना मले रडू आलं. तीन सालं म्हणजे रोज संध्याकाळी उठून तेल टाकणं, अन् मी ओट्यावर बसून पाहत होतो अन् मले बरं वाटत होतं. मी रुपीबाईले म्हणलं, तुले खरं सांगतो, आदिलाबादले नेमकं काय झालतं ते, पहिल्यापासून. लग्नापासून सुरू केलं, स्टँडपर्यंत आलो, केळीची गाडी दिसली.

तेवढ्यात रुपीबाई अर्ध्यातून उठली अन् भांडे घासाले गेली.