तुळशीमागचं बीळ

११ नोव्हेंबर २०१६, शुक्रवार. अल गराफा, दोहा
बीळ झालं. सकाळपासून फावडं मीच चालवलं, कंबर गेली कामातून. सई आईबरोबर नाशिकला निघाली तेव्हा तिला कबूल केलं होतं. "बाबा, ही नीड्स अ रियल बरो." खरंच आहे. दगडू आता परातीएवढा झालाय, हॉलमधले सोफे ढकलत फिरतो. कासवाने जमिनीत राहावं.

जागा: मागची भिंत, तुळशीच्या वाफ्याला पाठ लावून. उत्तरेचं शमाल वारं अडतं, दुपारी सावली, तोंडावर सकाळचं ऊन. छपराला शटरिंगची प्लाय, वर वाळूच्या गोणी, त्यावर माती. जमिनीखालचं पाणी कितीवर आहे तेही खड्डा घेऊन बघितलं. धंदाच तो. मेट्रो स्टेशनांच्या खड्ड्यातलं पाणी उपसायचं, काँक्रीट होईपर्यंत थेंब येऊ द्यायचा नाही.

वि.चा फोन. सासूबाईंचं ऑपरेशन नीट झालं. "तुळशीला रोज पाणी घालतोस ना? विसरशील." नाही विसरणार म्हटलं. बायको-लेक नसलेल्या घरात तेवढं एक काम तिचं.

२५ नोव्हेंबर, शुक्रवार
दगडू आपणहून आत गेला! सईला व्हिडिओवर दाखवलं, टाळ्या वाजवल्या. वि. समोर आली नाही, कणीक मळत होती म्हणे. मार्चची परतीची तिकिटं काढू का विचारलं. आतूनच, "बघू." ताकास तूर लागू देत नाही.

१५ डिसेंबर, गुरुवार
साइटवर आरडाओरडा. साहेबांचं रोजचं पालुपद, यल्ला यल्ला, चला लवकर, २०२२चा वर्ल्ड कप कुणासाठी थांबणार नाही. अख्ख्या गावाचं २०२२ ठरलंय, माझा एक मार्च ठरत नाही.

सकाळी अंघोळ, तांब्या, तुळस, गाडी. परत येतो तेव्हा अंधार. दगडू हल्ली बाहेर दिसत नाही. थंडीत आळसावतात, वाचलंय कुठेतरी. तुळस मात्र काय फोफावलीये. वि.ला फोटो पाठवला. अंगठा आला.

६ जानेवारी २०१७, शुक्रवार
दगडूला ओढून बाहेर काढावं लागलं. नाकाशी बुडबुडे, डोळे चिकटलेले. लसूणघास पुढे ठेवली, ढुंकून बघितलं नाही. टबात घालून मदिनत खलिफातल्या डॉक्टरीणबाईंकडे. केरळच्या, हिंदी तोडकं. "निमोनिया. घर गीला है क्या इसका?"
म्हटलं, इम्पॉसिबल मॅडम, मैं डिवॉटरिंग इंजिनियर हूँ.
"तो भी देखो."
इंजेक्शनं सुरू. आता घरातच, उबेला ठेवायचा.

सईचा फोन. दगडू? झोपलाय म्हटलं.

७ जानेवारी, शनिवार
साइटवरून लवकर सटकलो, उजेडात बीळ उघडलं. तोंडाशी वाळू कोरडी ठणठणीत. आतली बाजू, तुळशीकडची, ओला गारा. प्लायला बुरशी. तुळशीची मुळं वाळूतून आत शिरलेली, पांढरी, दोऱ्यासारखी. वारा बघितला, ऊन बघितलं, भूजल बघितलं. रोज सकाळी अंघोळ करून, हात जोडून, स्वतःच्या हाताने तांब्याभर पाणी त्याच्या डोक्यावर ओतत होतो ते तेवढं दिसलं नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

हसू आलं आधी. मग तिथेच मातीत बसून रडलो. कितीतरी वर्षांनी. बरं नाही वाटलं रडून.

८ जानेवारी, रविवार
वि.ला सांगितलं, सईला सांगू नकोस म्हणून. ती म्हणाली, "मी तुला फक्त पाणी घालायला सांगितलं होतं. बीळ तिथे खण असं नव्हतं सांगितलं." बरोबर आहे. तिचं नेहमी बरोबर असतं. दगडूला कसं आहे ते विचारलं नाही. मला तर नाहीच.

२० जानेवारी, शुक्रवार
नवीन बीळ. समोरच्या भिंतीशी, जमिनीपासून उचलून, खाली खडी. जुनं बुजवून टाकलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, दुपारी थोडा वेळ बाहेर सोडा. सोडला. नव्या बिळाच्या तोंडाशी नेऊन ठेवला तर तिथून फिरला आणि अंगण तुडवत, श्वास घरघरत, थेट तुळशीपाशी. बुजवलेल्या जागी डोकं लावून उभा. परत उचलून आणला. परत गेला.

माझ्यात आणि याच्यात फरक काय, कळत नाही. मीही रोज संध्याकाळी येऊन बंद दारासमोर उभाच राहतो.

२७ जानेवारी, शुक्रवार
वि.ला नाशिकलाच नोकरी लागली. सईचं नाव जूनपासून तिथल्या शाळेत. विचारलं नाही, सांगितलं. "तू असाही कुठे घरी असतोस? २०२२ झालं की ये, मग बघू."
पाच वर्षं! खलास.

सई आता मराठीत उत्तरं देते. दोहात जन्म गेला तरी इंग्रजी सोडलं नव्हतं पोरीने. "बाबा, दगडू कसा आहे?" किती गोड बोलते. आनंद व्हायला हवा होता मला.
झोपलाय म्हटलं, पुन्हा.

५ फेब्रुवारी, रविवार
हाडं गोठवणारा वारा. दगडू खात नाही. सुई टोचताना पाय आत ओढून घ्यायचा, आज ओढला नाही. डॉक्टरीणबाई "इन्शाल्ला" म्हणाल्या. ख्रिश्चन बाई, आजवर त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं.

सईच्या खोलीत हीटर लावून त्याला ठेवलंय. तिच्या पलंगावर मी. काही करावंसं वाटत नाही. पंप बंद पडला तर बंद पडू दे, स्टेशन बुडू दे.

१० फेब्रुवारी, शुक्रवार
आज ऊन चांगलं होतं. दाराबाहेर ठेवला आणि चहा घ्यायला आत आलो. परत आलो तर जागेवर नाही. तुळशीपाशी नाही, भिंतीशी नाही. नव्या बिळात. आपल्या पायांनी गेला, अगदी टोकाशी. हाक मारली, लसूणघास हलवली. काही नाही.

तेवढ्यात सईचा फोन. झोपलाय म्हणवेना. सगळं सांगितलं, पाण्याचं, बुडबुड्यांचं. मग, "तो तिथे एकटा असतो?"
"मी आहे ना."
"तू तर साइटवर असतोस, बाबा."

पालथा पडून खांद्यापर्यंत हात आत घातला. वाळू कोरडी आहे. पाठ हाताला लागली, गार. पाय सापडला. ओढला त्याने, की माझाच हात घसरला, सांगता येत नाही. पुन्हा चाचपला, तेव्हा काही नाही.

"हलला का?"
थांब म्हटलं.

फोन स्पीकरवर ठेवून बिळाशी बसून लिहितोय. तिने ठेवला नाहीये. तिच्याकडे कुकरची शिट्टी झाली, वि. जेवायला बोलावतेय. सई म्हणाली, "आई, थांब, आम्ही बघतोय."