खुणेपर्यंत पाणी

१२ जानेवारी १९८८
आज पाथरीकडचे दत्तराव. वय बावन्न, दोन्ही मूत्रपिंडं निकामी. डॉक्टर घाईघाईत सांगून मोकळे, मग मला म्हणाले, "सिस्टर, तुमच्या भाषेत समजावा यांना." नेहमीचंच! मूत्रपिंड म्हटलं की चेहरे कोरे. गुर्दा म्हटलं की कळतं. जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर चित्र काढलं. तीन वाटा सांगितल्या — आठवड्यातून दोनदा औरंगाबादेला मशीनवर रक्त धुऊन घ्यायचं. किंवा घरच्या कुणाचा गुर्दा मुंबईला जाऊन बसवायचा. नाहीतर पथ्य, गोळ्या, आणि मिळतील तितके दिवस. तिसरी सांगताना माझा आवाज दर वेळी खाली जातो.

मुलगा उद्धव मान खाली घालून ऐकत होता. लेक अनसूया — गंगाखेडला दिलेली — तिचे मात्र प्रश्नावर प्रश्न. "एका गुर्द्यावर मानूस जगतंय का, बाई?"
जगतं, म्हटलं.
"मंग झालं की!"

१९ जानेवारी
उद्धवचं रक्त जुळलं नाही. अनसूयेचं जुळलं! जावई बन्सीधर कारखान्यातून सुट्टी काढून आले. "तिच्या बापाचा जीव हाय. मी आडवा येनार न्हाई." देवमाणूस.

२० जानेवारी
दत्तराव नको म्हणतात!

अनसूया गोळ्या आणायला गेली होती तेव्हा बोलले. "लेक दिली त्या घरचं पानी आजून पिलो न्हाई मी. नऊ वर्सं झाली. तिला लेकरू झालं की पिईन म्हनून बसलोय. आन् तुमी तिचा गुर्दाच घ्या म्हनायलाव!"

मी चिडलेच. जीव जायची वेळ आलीय आणि रीत कसली धरून बसलात, म्हणाले. मग माझी मलाच लाज वाटली. माझी हेमा झाली तेव्हा कुठे माझ्या वडलांनी, अण्णांनी, माझ्या घरी पहिला घोट घेतला. तोवर तहानलेलेच परत जायचे, आणि मला त्यात काही वावगं वाटत नव्हतं.

मग दत्तराव म्हणाले, "आदी पानी, मंग गुर्दा. तिच्या घरी पानी पिलो की समजा, व्हय म्हनलो. पन लेकीच्या तोंडावर मला गुर्दा मागता येनार न्हाई. निरोप धाडीन. मंग तुमीच बोला तिच्याशी."
बरं, म्हटलं. कुणापाशी बोलले नाही.

२७ जानेवारी
सुट्टी दिली. तोवर मशीन. दिवसाचं पाणी मोजून. दोन फुलपात्रांना आतून खिळ्यानं खूण केली, एक उद्धवला, एक अनसूयेला. दत्तराव हसले, "तिला कशाला? मी तिथं कुटं पितो?" असू द्या, म्हटलं.

अनसूयेला बजावलं, एका वेळी खुणेपर्यंतच. कितीही मागितलं तरी मऊ पडायचं नाही. तिनं माझे शब्द जसेच्या तसे म्हणून दाखवले. अशी हुशार बाई मला आजवर भेटली नव्हती.

१५ फेब्रुवारी
दोनदा मशीनवर गेले, मग गेलेच नाहीत. निरोपही नाही. रोज बाहेरच्या बाकावर नजर जाते.

१ मार्च
दत्तराव गेले. पाथरीच्या एका पेशंटनं सांगितलं. एक घोट पाणी, तेवढंही जमलं नाही त्यांना! हट्टी माणूस. दिवसभर सगळ्यांवर खेकसत होते मी.

१४ मार्च
तेरावं उरकून अनसूया आली. फुलपात्र परत द्यायला — "दुसऱ्या कुनाला लागंल, बाई."

म्हणाली, "गेल्या म्हैन्यात सात तारखेला आप्पा आपनहून माज्या घरी आले. पानी दे म्हनले. नऊ वर्सांत पैल्यांदा! मी खुनेपर्यंतच दिलं. पिले, आन् म्हनले, बाईला निरोप धाड, मी पानी पिलो म्हनून. मला वाटलं, पानी जास्त झालं म्हनून तुमी रागवाल. म्हनून न्हाई धाडला. मंग माज्याकडंच ऱ्हायले, रोज इचारायचे, बाई काय म्हनल्या? मी म्हनायची, कमी प्या म्हनल्या."

मी तिला काही सांगितलं नाही. सांगणारही नाही.