सागाच्या पानांची चूक

अहो,

तुम्ही होतात तेव्हा मी तुम्हाला कधी चिठ्ठी लिहिली नाही. अक्षरं तुम्हीच शिकवलीत, पण समोर बसलेल्या माणसाला काय लिहायचं? आज मात्र विचारायला दुसरं कोणी नाही. उद्या रविवार. नाशिकहून पाळक प्रभुभोजन द्यायला यायचे आहेत, आणि त्याआधी मला एका माणसाबद्दल शेवटचं हो की नाही ते सांगायचं आहे.

आपला बारकू हो, लखमाबाबाचा मुलगा! तुमचं ऐकून बाप्तिस्मा घेतलेला. मागच्या आठवड्यात त्याची लेक तापाने फणफणली, आणि घाबरून त्याने घरच्या जुन्या देवाला कोंबडं दिलं. आता पाड्यावर कोंबडं कापलेलं लपतं का? शाळेचे शमुवेल मास्तर तणतणत आले. "याला रविवारी देवळात प्रभुभोजनाच्या भाकरीला बसू द्यायचं नाही. उपदेशकांच्या घरचा शब्द आम्ही मानतो. तुम्ही सांगा, बाई."

मीही, बसू द्यायचं नाही, म्हणून मोकळी झाले. राग आला होता मला! त्या पाड्याची चढण चढून चढून तुम्ही छातीचं दुखणं ओढवून घेतलंत, आणि तुम्हाला मातीआड करून वर्ष होत नाही तोवर त्याने हे करावं?

तुम्ही असतात तर माझं ऐकून नुसती नकाराची मान हलवली असतीत. तुमची ती मान मला नेहमी छळायची. थंडीत माझी गोधडी वाटसरूला देऊन आलात, तेव्हा मला विचारलं होतंत? दया तुमची आणि कुडकुडायचं मी!

आज सकाळी लखमाबाबा आला. पार थकलाय. ओटीवर टेकला, पाणी प्यायला, आणि म्हणाला, "बाय, सागाची पानं आठवतात का?"

न आठवायला काय झालं? आपण जव्हारला नवे होतो. पावसासाठी इरलं करायला तुम्ही सागाची पानं भारा भरून तोडून आणलीत. नव्या पानांची पूजा झाल्याशिवाय इथे कोणी सागाला हात लावत नाही, हे आपल्याला कुठे ठाऊक होतं? पाडा नुसता खवळला. आता पाऊस रुसणार, यांना हाकला म्हणाले. त्या सगळ्यांपुढे लखमाबाबा उभा राहिला. "परका हाय. त्याला काय ठाव?" तुमच्या चुकीचं कोंबडं त्याने स्वतःच्या खुराड्यातून देवाला दिलं.

ही गोष्ट तुम्ही उपासनेत कितीदा सांगितलीत! मी दर वेळी हसले, आणि हसून घरी आले.

लखमाबाबा पुढे म्हणाला, "तुझे माणसाची चूक मी पोटात घातली. माझे पोराची चूक तुमचा देव पोटात नाय घालायचा?"

 उत्तरासाठी तो थांबला नाही. पानांचं एक नवं इरलं ओटीवर ठेवलं. "तुझा जुना फाटला ना," म्हणाला, आणि काठी टेकत निघून गेला.

तेव्हापासून विचार करते आहे. ज्याने आपल्या प्रभूचं नाव कधी घेतलं नाही, त्याने आपल्याला आधी क्षमा केली, आणि दयेवर प्रवचनं केली आपण! बारकू चुकलाच, त्यात दुमत नाही. पण तो चुकला नसता तर त्याला माझी दया कशाला लागली असती?

मास्तर रागावतील. पाळकही कदाचित ऐकणार नाहीत. तुम्ही असतात तर त्यांना समजावलं असतंत. का हो इतक्या लवकर गेलात? मला तुमच्यासारखं गोड बोलता येत नाही.

पण प्रभुभोजनाची भाकर माझ्या चुलीवर होते, हे मास्तर विसरले. उद्या भाकरीची टोपली मी बारकूच्या हातात देईन आणि त्याच्या शेजारून चालत देवळात येईन. त्याला दारात अडवलं, तर मीही दाराबाहेरच बसेन. हा शब्द देते तुम्हाला. आणि बाबाचं इरलं डोक्यावर असेल, ओळखाल ना?

तुमची,
सगुणा