सतरा नंबर छताला

३ मार्च, सकाळी
क्लबच्या मॅनेजरचा फोन. सतरा नंबरची जर्सी निवृत्त करणार आहेत. म्हणजे तो आकडा स्टेडियमच्या छताला कायमचा टांगायचा, पुढे आपल्या टीममध्ये कुणीही घालायचा नाही. हॉकीत याहून मोठा मान नाही. तुमच्याशिवाय कार्यक्रम होणं शक्य नाही, म्हणाला. पुढेही बरंच बोलत होता. मी नम्रपणे फोन ठेवला. स्वतःची स्तुती फार वेळ ऐकू नये.
दोन मोसम घातला मी सतरा नंबर. शेवटी देर आए. आलेच.

दुपारी
बायकोला सांगितलं. म्हणाली, अहो, सतरा तर भिंगरीचा ना? भिंगरी म्हणजे माझ्यानंतर तो नंबर मिळालेला पोरगा. पुढे बारा वर्षं खेळला, ढिगानं गोल केले. मान्य. पण पाया कुणी घातला? पायाचा दगड कुणाला दिसत नाही, असं मी म्हटलं. ती म्हणाली, तुम्ही दिसायचात की. बाकावर.
दुर्लक्ष केलं.

५ मार्च
ठराव. एक जर्सी भिंगरीला दिली होती, दुसरी जुनी घरी आहे; ती कोटाच्या आत घालायची. टाळ्या सुरू झाल्या की कोट उघडायचा. जर्सी ओढूनताणून अंगात शिरली, पण कोटाची बटणं लागेनात. लाँड्रीवाल्यानं आटवला असणार. उद्यापासून चालणं. गोड बंद.

६ मार्च
चाललो. बेकरीपर्यंत.

७ मार्च
गुडघा धरलाय. खेळातली जुनी दुखापत उसळली. चालणं स्थगित.
भाषण लिहिलं, आठ पानं. मी मेहुण्याच्या पंख्यांच्या दुकानात काम करतो, तिथे त्याला वाचून दाखवलं. गिऱ्हाईक आलं म्हणून तो दोनदा उठला. गिऱ्हाईक एकदाच आलं होतं. शेवटी म्हणाला, भाऊजी, धंद्यातला अनुभव सांगतो, छताला टांगलेल्यावर धूळ फार बसते. जवळच्या माणसांनाच पोटदुखी जास्त.

९ मार्च
मॅनेजरचा पुन्हा फोन. खांदे ठीक आहेत ना, दोरी ओढायची आहे, म्हणे. आपला मान आपणच वर चढवायचा, अशी पद्धत दिसते. नवल नाही. या क्लबात मला सगळं स्वतःलाच करावं लागलं. भाषणाला किती वेळ, असं विचारलं तर तो हसला. मोकळ्या स्वभावाचा आहे. आठ पानांची अकरा केली.

११ मार्च
बसलो की उठावंसं वाटतं, उठलो की आरसा समोर येतो. हात कसा हलवावा? एक की दोन्ही? दुकानात तर मन लागेना. गिऱ्हाइकानं पंख्याची गॅरंटी विचारली, मी म्हटलं, कायमची. मेहुण्यानं मला घरी पाठवलं.

१२ मार्च, समारंभ उरकून
स्टेडियम भरलेलं. मधोमध लाल खुर्ची. खुर्चीत भिंगरी.
मला दोरीपाशी उभं केलं, शेजारी बायको. निवेदक सांगू लागला, की क्लबची जुनी रीत आहे, ज्यानं आधी तो नंबर घातला त्यानं पुढच्याचा मान वर चढवायचा. भलंमोठं कापड उलगडलं. सतरा, आणि वर भिंगरीचं नाव. मॅनेजर कानाशी पुटपुटला, पहिल्याच फोनवर सांगत होतो, तुम्ही ठेवून दिलात.
ओढली दोरी. काय करणार?
भिंगरी भाषणात म्हणाला, यांनी मला जर्सी दिली तेव्हा तिच्यावर एक डाग नव्हता. मला वाटलं, नवीनच आहे. सगळं स्टेडियम हसलं. मग त्यानं खुर्चीतून उठून मला वाकून नमस्कार केला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. बराच वेळ. माझा हात आपोआप कोटाकडे गेला.
तेवढ्यात निवेदकानं जाहीर केलं, की या क्षणापासून इथे सतरा नंबर कुणीही घालायचा नाही.
शेजारून बायको हळूच म्हणाली, अहो, बटणं लावा.
लागली नाहीत.