तिळाएवढा तुकडा

मंगळवार, संध्याकाळ. हैदराबाद, खोलीवर.

आज कामावर गेलोच नाही, भाऊला तपासायला नेलं. डाळिंबावर फवारायचं बोर्डो, म्हणजे चुना-मोरचुदाचं औषध, कालवताना चुना उसळून त्याचा उजवा डोळा गेला, तेव्हा संगमनेरात डॉक्टर म्हणाले होते, आशा धरू नका. म्हणून मी त्याला इकडं बोलावलं.

इथल्या डॉक्टर बाईंनी दोन महिन्यांमागं त्याच्या चांगल्या डोळ्याच्या कडेचा तुकडा काढला. केवढा, तर तिळाएवढा. त्याचे आणखी बारीक तुकडे करून खराब डोळ्यावर लावले. त्यातल्या पेशी वाढून नवा थर धरतात म्हणे. भाऊ तेव्हाच बोलला, "म्हंजे उसाचं बेणंच लावलं की."

आज बाईंनी चांगला डोळा झाकून बोटं धरली. भाऊ म्हणाला, "तीन. अन् एकात अंगठी हाय."

तिळाएवढ्या तुकड्यातून एवढं? कसं झालं असेल?

आल्यावर आईला फोन लावला. ते तुकडे ज्या पापुद्र्यावर चिकटवले, तो कुणाच्या तरी बाळंतपणातल्या वारेचा असतो, हे तिला सांगितलं नव्हतं. आमच्याकडं वार जपून पुरतात, कुणाच्या हाती लागू देत नाहीत. आज सांगून टाकलं. ती म्हणाली, "आरं, ती बाई अन् तिचं लेकरू बरं हाय ना?"

मला काय माहीत. डॉक्टर बाईंनाही ठाऊक नसणार. तरी उद्या विचारणार आहे. भाऊ म्हणतो, "पोरगी हाय का पोरगा, त्येबी इचार."