पिवळी फीत

दि. १९ ऑक्टोबर, गुरुवार

प्रिय ताई,

नमस्कार. तुमचं पाकीट सोमवारी मिळालं. आईचा खोकला कमी आहे, गोळ्या वेळेवर चालू आहेत. गटाच्या खोलीतला पंखा एकदाचा दुरुस्त झाला. शिलाईवाली मावशी तुमची आठवण काढते. म्हणजे टोमणेच मारते, पण आठवण आल्याशिवाय टोमणा कसा मारेल?

तुम्ही लिहिलंय की परिषदेचा अहवाल वाचून शेवटच्या पानावर गटातर्फे सही कर आणि लगेच परत पाठव. पुढच्या परिषदेच्या नियोजनात गटाला जागा मिळणं त्यावर अवलंबून आहे. मी तीनदा वाचला. माझी सवय तुम्हाला माहीत आहे. घरात वाचणारी मी एकटीच, त्यामुळे औषधाच्या बाटलीवरचं बारीक अक्षरसुद्धा मी सोडत नाही.

पहिलंच वाक्य आहे, ‘नियोजनाच्या प्रत्येक टप्प्यावर एचआयव्हीसह जगणाऱ्यांचा सहभाग होता.’ ते खोटं नाही. सहा बैठका झाल्या, सगळ्या मीच वहीत लिहिल्या. चौथी आठवते? शिलाईवाली मावशी म्हणाली होती, “एवढी देशोदेशीची माणसं आम्हाला बघायला येणार? मग दाराशी तिकीट लावा की!” सगळ्या हसल्या, तुम्हीही. आणि मग आई बोलली, जी कधीच बोलत नाही.

“परिषद ज्या हॉटेलात आहे, तिथल्या लाँड्रीत मी अकरा वर्षं आहे. मला तिथे कुणी बघितलं तर बघू दे. पण कशासाठी आले ते कळायला नको. सगळ्यांच्या गळ्यात बिल्ल्याची फीत एकाच रंगाची असू दे.”

तुम्ही तिचा हात धरलात. “काकू, शब्द आहे माझा.”

मी ते जसंच्या तसं लिहून घेतलं. मग तुम्ही हजेरीचा कागद फिरवलात. आईने अंगठा लावला नाही, नाव लिहिलं. महिनाभर गिरवून घेतलं होतं मी तिच्याकडून. शेवटचं अक्षर रेघेखाली घसरलं तेव्हा तुम्हीच म्हणालात, “छान आलंय.”

आई हल्ली लाँड्रीत नसते. म्हणजे हॉटेलात कामाला जाते, पण मुकादमबाईने तिला मागच्या अंगणात झाडायला लावलंय. “चादरींना हात नको लावूस, लोक बोलतात,” असं म्हणाली. परिषदेच्या दिवशी ती बाई टेबलांवरची कापडं मोजायला सभागृहात आली होती. आई दुसऱ्या रांगेत होती, गळ्यात पिवळी फीत.

हे मला आधी लिहायचं होतं. पंख्याचं लिहीत बसले.

आणखी एक आहे. ते तुमच्याबद्दल नाही. दारातल्या टेबलावर आईला पिवळी फीत दिली, तेव्हा तिने मला विचारलं, “सगळ्यांना हीच आहे ना गं?” मागे फलक होता. निळी – आयोजक आणि सहायक. पिवळी – एचआयव्हीसह जगणारे प्रतिनिधी, पाहुण्यांनी त्यांच्याशी जरूर बोलावं. मी तो वाचला होता. दहा मिनिटांत मला मंचावर गटाचं निवेदन वाचायचं होतं. मी म्हटलं, “घाल. ताईंनी ठेवलीय म्हणजे विचार केला असेल.” माझ्या गळ्यात निळी होती. तुमच्याही होती, ताई. आई घेते त्याच गोळ्या तुम्हीही घेता, तरी निळी.

मी दोन महिने स्वतःला सांगत होते की वरच्या लोकांनी केलं असेल, ताईंचं कुणी ऐकलं नसेल. मग सोमवारी अहवालाची परिशिष्टं वाचली. “परिशिष्ट कोण वाचतंय!” असं तुम्ही हसून म्हणायचात. तिसऱ्या परिशिष्टात तुमचं पत्र आहे: ‘वेगळ्या रंगाच्या फितीस गटाची संमती आहे. सभासदांच्या सह्या सोबत.’ सोबत चौथ्या बैठकीचा हजेरीचा कागद. अकरावी सही आईची. शेवटचं अक्षर रेघेखाली घसरलेलं.

काल मी आईला सगळं वाचून दाखवलं. फलकसुद्धा. ती गोळ्यांच्या डब्याची उघडझाप करत राहिली. मग म्हणाली, “म्हणजे तू मला खोटं वाचून दाखवलंस.”

“मी वाचून दाखवलंच नव्हतं, आई.”

“तेच ते.”

तुम्हाला तिने शिव्या घातल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

आज सकाळी गटात विचारलं. जागा गेली तर जाऊ दे, असं सगळ्या म्हणाल्या. आई शेवटी म्हणाली, तीही तेच. म्हणून अहवाल सही न करताच परत पाठवतेय. सोबत माझ्या वहीतल्या चौथ्या बैठकीच्या पानांची नक्कल आहे. तिसऱ्या परिशिष्टाला जोडा. तीच पानं परिषदेच्या अध्यक्षांनाही आजच पाठवली आहेत. तुम्हाला न सांगता पाठवणं मला जमलं नाही.

पाकिटात माझी निळी फीतही आहे. पिवळी आईने ठेवून घेतली, का ते विचारायचं धाडस झालं नाही.

या पत्राखाली सही करत नाही. ती कशाला जोडली जाईल, याचा भरवसा उरलेला नाही. अक्षर ओळखाल. त्याला वळण तुम्हीच लावलंत.